पौषाची थंडी व परसातील टोमॅटो

ज्याने नोकरीची तीस वर्षे इतरांच्या पिकांची नोंद करण्यात घालविली, त्याने सेवानिवृत्त होताच स्वतःच्या परसात चौदा टोमॅटोची झाडे लावावी आणि पौष लागला तरी त्यांपैकी एकासही लाल फळ दिसू नये, यात आमचे शेजारी आप्पा यांस जो आनंद होतो तो वर्णन करण्यास आमची लेखणी असमर्थ आहे. आमचे गाव निफाड तालुक्यात, कादवा नदीपासून कोसभर अंतरावर. आमचे परस व आप्पांचा मळा यांच्यामध्ये मेंदीचे कुंपण असून, हिवाळ्यात सकाळी सातच्या सुमारास आप्पा घोंगडी पांघरून त्या कुंपणाशी येऊन उभे राहतात व रोज एकच प्रश्न विचारतात, "भाऊसाहेब, पीकपाहणी झाली का?"

यातील खोच महसूल खात्याशी संबंध आलेल्या वाचकांच्या ध्यानी सहज येईल. २०२१ सालापासून ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी स्वतःच बांधावर उभा राहून मोबाईलमध्ये पिकाचे छायाचित्र काढतो व नोंद पाठवितो. आप्पांनी आपल्या वीस गुंठे टोमॅटोची नोंद याच रीतीने केली, आणि त्या दिवसापासून "तुमचं काम आता माझ्या खिशात आलं" असे ते आम्हांस ऐकवीत आले आहेत. आमची चौदा झाडे अर्थातच कोणत्याही सातबाऱ्यावर नाहीत. "परसाची पैसेवारी काय धरावी?" असे त्यांनी विचारले असता, "पन्नासच्या आत धरा, म्हणजे निदान टंचाई तरी जाहीर होईल," असे उत्तर आम्ही एकदा दिले होते. ते त्यांनी गावभर सांगितले.

आमच्या टोमॅटोस उशीर का झाला हे सांगणे प्राप्त आहे. भाद्रपदात टाकलेली रोपे मानेपाशी कुजून कोलमडली. वाफ्यात पाणी साचले होते, दोष सर्वस्वी आमचा. दुसऱ्या खेपेस टाकलेली रोपे ऑक्टोबरच्या मध्यास लागली. आप्पांची लागणही त्याच आठवड्यातली, परंतु ती चुकून नव्हे, जाणूनबुजून. आमच्या भागात टोमॅटोची मुख्य लागण जून-जुलैची. ऑगस्टपासून पिंपळगाव बसवंतच्या बाजारात कॅरेटांचे डोंगर लागतात व डिसेंबरपर्यंत हंगाम ओसरतो. त्यानंतर माल निघाला तर भाव बरा मिळण्याचा संभव असतो. संभव एवढाच शब्द येथे वापरता येतो. २०२३ च्या जुलैत ज्या टोमॅटोचा भाव शहरांत किलोस शंभर रुपयांच्या पार गेला, तोच टोमॅटो त्या सप्टेंबरात आमच्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी रस्त्यावर ओतलेला सर्वांनी पाहिला आहे. आप्पांनी थंडीची जोखीम पत्करून उशिराची लागण केली, कारण धाकट्या कन्येच्या महाविद्यालयाचे शुल्क फेब्रुवारीत भरावयाचे होते. हे त्यांनी आम्हांस कधी सांगितले नाही. आमच्या घरातून समजले.

मार्गशीर्षात आमच्या झाडांस फुले पुष्कळ आली आणि तितकीच गळाली. आप्पांनी याचे कारण आमच्या हातगुणात शोधले. वास्तविक कारण रात्रीच्या थंडीत आहे. टोमॅटो हे मूळचे दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वताच्या बाजूचे झाड. वांगी, मिरची, बटाटा यांचे ते भाऊबंद. रात्रीचे उष्णतामान सुमारे १३ अंश सेल्सियसच्या खाली जाऊ लागले की त्याचा पराग नीट तयार होत नाही, फळधारणा अडते व फूल देठापासून सुटते. १० अंशांच्या खाली झाडाची वाढच थांबल्यासारखी होते. दिल्लीच्या पुसा संस्थेने 'पुसा शीतल' नावाची जात याचसाठी काढली असून, रात्री पारा ८ अंशांपर्यंत उतरला तरी तिला फळ धरते. आम्ही लावलेले बी मात्र शेजारच्या गावच्या एका दुकानातून आणलेले, जातीचे नाव पुडीवर पुसट झालेले. याबद्दलही आप्पांनी आमची गय केली नाही.

गव्हाची गोष्ट उलट. आप्पांचा नदीकडचा तुकडा गव्हाचा आहे, आणि थंडी जितकी कडक तितके गव्हाला फुटवे अधिक. निफाडजवळ कुंदेवाडीस गहू संशोधन केंद्र उगाच झालेले नाही. त्र्यंबक, तपोवन यांसारख्या जाती तेथेच निपजल्या. निफाडचे किमान तपमान म्हणून जो आकडा दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत छापून येतो तोही बहुधा याच केंद्रावरचा. त्यामुळे आप्पांची मनःस्थिती पौषात मोठी चमत्कारिक असते. नदीकडच्या तुकड्यावर गेले की ते थंडीस दुवा देतात आणि कुंपणाशी आले की तिला शिव्या घालतात. "आप्पा, एकाच तोंडाने?" असे आम्ही विचारले, तर म्हणाले, "तोंड एकच आहे भाऊसाहेब, पण गट नंबर दोन आहेत."

या थट्टेत तिसरे भिडू आमचे मेहुणे. ते अलिबागेकडचे. ऐन थंडीच्या लाटेत त्यांनी फोन करून विचारले, "काय भावजी, शेकोटीतून हात काढता येतो का? आम्ही इकडे पंखा लावून निजतो." त्यांच्याकडे भात कापून झाल्यावर त्याच खाचरांत वाल व भाजीपाला होतो, आणि टोमॅटोस तर कोकणात हिवाळा हाच उत्तम काळ. समुद्र हा मोठा सावकार आहे. दिवसभर उष्णता जमा करतो आणि रात्री हळूहळू परत देतो, त्यामुळे किनाऱ्यावर पारा एकदम कोसळत नाही. आमचा मुलूख पाचशे मीटरांहून अधिक उंचीचा, हवा कोरडी, आभाळ निरभ्र. दिवसा जमिनीत मुरलेली ऊब सूर्य मावळताच आभाळात निघून जाते. ढगांचे पांघरूण असते तर ती अडली असती. त्यात उत्तरेचा वारा दोन दिवस वाहून संध्याकाळी एकाएकी पडला, की शहाण्या माणसाने त्या रात्री झोपू नये. मेहुण्यांनी पोपटीचे आमंत्रण दिले. वालाच्या शेंगा मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यावर रचून जाळात भाजतात, तो त्यांच्याकडील हिवाळ्याचा सोहळा. "येताना टोमॅटो आणू नका, इथे आहेत," हे शेवटी जोडण्यास ते विसरले नाहीत.

येथे थोडे विषयांतर होते, पण महसुली माणसास ते क्षम्य असावे. टोमॅटो ही भाजी की फळ, असा वाद आमच्या कुंपणावर एकदा झाला. आमच्याकडचे जुने लोक त्यास वेलवांगे म्हणत, विदर्भाकडे भेदरे म्हणतात. नावावरून निकाल लागेना. तेव्हा आम्ही आप्पांस सांगितले की याचा निवाडा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८९३ सालीच करून ठेवला आहे. तेथील १८८३ च्या कायद्याने परदेशी भाजीवर १० टक्के जकात होती व फळांस ती माफ होती. निक्स नामक व्यापाऱ्याने १८८६ साली वेस्ट इंडीज बेटांतून टोमॅटो आणले. न्यूयॉर्क बंदराचे जकात अधिकारी हेडन यांनी भाजी म्हणून जकात घेतली. निक्स यांचे म्हणणे, वनस्पतिशास्त्राप्रमाणे ज्यात बी आहे ते फळ. कोर्टात शब्दकोश वाचले गेले. न्यायमूर्तींनी ठरविले की शास्त्राप्रमाणे ते फळ खरे, परंतु लोक ते जेवणात भाजीसारखे खातात, जेवणानंतर गोड म्हणून नव्हे. सबब ती भाजी, आणि जकात योग्य. आप्पांनी हे सर्व शांतपणे ऐकून घेतले व म्हणाले, "म्हणजे कुठल्याही देशात गेलं तरी निकाल सरकारच्याच बाजूचा."

आता मूळ गोष्टीकडे वळतो.

२०१८ च्या डिसेंबरअखेरीस निफाडास पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. त्या वेळी आम्ही नोकरीत होतो. आप्पांचा उशिराचा टोमॅटो त्याही वर्षी होता आणि तो एका रात्रीत गेला. सकाळी आम्ही पाहिले तेव्हा पाने उकडलेल्या भाजीसारखी काळपट हिरवी होऊन लोंबत होती, आणि आप्पा बांधावर बसून एकेक पान हातात घेऊन पुन्हा सोडून देत होते. ऊन वर आले तशी ती पाने करपून गेली. त्या दिवशी कुंपणावर थट्टा झाली नाही, पुढे महिनाभर झाली नाही. त्यामुळे या वर्षी पौषात एका सायंकाळी उत्तरेचा वारा पडला, आभाळ काचेसारखे स्वच्छ झाले, आणि आप्पा कुंपणाशी येऊन काहीच न बोलता चांदण्यांकडे पाहत उभे राहिले, तेव्हा त्यांच्या मनात काय आहे हे आम्हांस विचारावे लागले नाही. झाडांवर फळ भरलेले होते, पण सगळे हिरवे. आणखी पंधरा दिवस मिळते तर पहिला तोडा झाला असता.

रात्री दोनच्या सुमारास त्यांची हाक आली. "भाऊसाहेब, उठा. वीज आहे तोवर पाणी फिरवू." शेतीपंपास रात्रपाळीची वीज मिळते याविषयी आप्पांनी आजवर जितक्या तक्रारी केल्या असतील तितके अर्ज आम्ही तीस वर्षांत पाहिले नसतील, परंतु त्या आठवड्यात दिवसपाळी असती तर त्या रात्री मोटार चालली नसती. ठिबकचे थेंब अशा वेळी पुरत नाहीत म्हणून पाटाने पाणी सोडले. विहिरीवर गेलो तो पाण्यावरून वाफ निघत होती. भूगर्भातील पाणी बारमाही जवळजवळ एकाच उष्णतामानाचे असते. बाहेर हात बधिर होत असता त्यात हात घातला तर कोमट लागते. हे पाणी सरीत फिरले की ती ऊब जमिनीस मिळते, आणि ओली जमीन कोरडीपेक्षा अधिक उष्णता साठवून ठेवते. खरे पाहता हे पाणी आदल्या दिवशी उन्हातच द्यावयास पाहिजे होते, म्हणजे ओल्या जमिनीत दिवसाची ऊबही मुरली असती. आप्पांस ते ठाऊक होते, पण दिवसा वीज नव्हती.

बांधावर पाचटाच्या व काडीकचऱ्याच्या शेकोट्या पेटविल्या. द्राक्षबागाईतदार पहाटे मणी तडकू नयेत म्हणून करतात तशाच. धुराचे पांघरूण पिकावर पसरते व त्याने थंडी अडते असा आपल्याकडे जुना समज आहे. तो पुरता खरा नाही; धुराचे कण इतके बारीक असतात की जमिनीतून आभाळाकडे जाणारी उष्णता ते फारशी अडवू शकत नाहीत. उपयोग होतो तो प्रत्यक्ष जाळाच्या उबेचा आणि तिने हवा हलती राहते त्याचा. म्हणूनच एक मोठी होळी पेटविण्यापेक्षा ठिकठिकाणी लहान लहान दहा शेकोट्या बऱ्या. मोठा जाळ गरम हवेचा लोट सरळ वर नेतो आणि बाजूची थंड हवा पिकावर ओढून घेतो. आम्ही आठ पेटविल्या. नवव्या शेकोटीपुरते पाचट उरले नाही म्हणून आप्पांनी घरून जुनी मोडकी खाट आणली. "हिच्यावर माझं लग्न झाल्यापासून निजलो," असे म्हणून ती त्यांनी जाळात घातली. रात्रभरात त्यांनी केलेली थट्टा एवढीच.

पहाटे पाच ते सूर्योदयानंतरची घटका हा सर्वांत वाईट काळ. रात्र संपली असे वाटते, पण पारा त्याच वेळी तळाशी असतो. आणखी एक गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. वर्तमानपत्रात छापले जाणारे तपमान उपकरणाच्या पेटीतील, माणसाच्या छातीइतक्या उंचीवरचे असते. उघड्या आभाळाखालचे पान त्याहून काही अंशांनी अधिक गार होते. म्हणून "पारा चार होता, मग दहिवर गोठले कसे?" असे विचारण्यात अर्थ नाही. बांधावरच्या गवताकडे पाहावे. त्या पहाटे गवत पांढरे होते.

उजाडल्यावर आम्ही दोघे सऱ्या मोजीत निघालो. एकूण ३६ सऱ्या. वरच्या अंगाच्या जवळजवळ सर्व वाचल्या होत्या. शेंड्यांची कोवळी पाने थोडी काळवंडली इतकेच. खालच्या अंगाच्या, ओढ्याकडील ११ सऱ्या गेल्या. पाणी सर्वांस सारखेच दिले होते, शेकोट्या उलट खालीच अधिक होत्या. परंतु थंड हवा जड असते आणि पाण्याप्रमाणेच उताराने वाहते. ओढ्याच्या काठची बाभळीची दाट रांग तिला बांधासारखी अडविते आणि ती तेथेच साचते. २०१८ सालीही आरंभ ओढ्याकडूनच झाला असावा असे आता वाटते. त्या वेळी सर्वच गेल्यामुळे ते कळले नाही. ओढ्याकडच्या बाजूस उशिराचा टोमॅटो लावू नये, तेथे हरभरा किंवा गहू घ्यावा, आणि बाभळीच्या रांगेत थंड हवेस वाट ठेवावी, हे आप्पांनी तेथेच उभ्याउभ्या ठरविले.

मग त्यांनी आमच्याकडे पाहिले. "भाऊसाहेब, पंचनामा?" आपत्तीच्या मदतीस पूर्वी पिकाचे ५० टक्के नुकसान लागत असे, २०१५ पासून ते ३३ टक्क्यांवर आणले आहे, आणि थंडीची लाट व दहिवर यांचा समावेश आपत्तींच्या यादीत आहे, हे आम्हांस तोंडपाठ. आम्ही बोटांवर हिशेब केला. ३६ पैकी ११ म्हणजे साडेतीस टक्के. "आप्पा," आम्ही म्हटले, "एक सरी कमी पडली." ते क्षणभर गप्प राहिले आणि मग इतके हसले की शेकोटीपाशी निजलेले कुत्रे उठून बसले. आम्हीही हसलो. २५ सऱ्यांत शुल्क निघेल की नाही, याचा हिशेब मात्र दोघांनीही उघड केला नाही.

परसात परतलो तेव्हा आमची पाळी होती. आदल्या सायंकाळी आम्ही दहा झाडांवर प्लॅस्टिकचा पारदर्शक कागद मोठ्या काळजीने पांघरला होता, तो झाडांस अगदी लपेटून. कागद संपल्यामुळे उरलेली चार झाडे घरातून जुन्या सुती लुगड्याने झाकली होती, तीही चार काठ्या रोवून वर मांडव केल्यासारखी. सकाळी लुगड्याखालची चारही झाडे टवटवीत, आणि कागदाखालच्या दहांपैकी सात झाडांची जेथे जेथे पान कागदास टेकले होते तेथे तेथे राख. असला पातळ कागद जमिनीतून निघालेली उष्णता जवळजवळ आरपार जाऊ देतो, आणि रात्री तो स्वतः बाहेरच्या हवेपेक्षाही गार पडतो. त्यास टेकलेले पान वाचणार कसे? पांघरूण जाड असावे, झाडास टेकू नये, जमिनीपर्यंत पोहोचावे आणि ऊन आल्याबरोबर काढावे. हे आप्पांस सांगण्याची आमची इच्छा नव्हती; परंतु कुंपण मेंदीचे आहे आणि त्यातून दिसते.

मेलेल्या सऱ्यांवरील हिरव्या फळांचे काय करावे हा प्रश्न उरला. झाड वाळण्यापूर्वी ती उतरविली. ज्या फळांस थंडीचा चटका बसून कातडी पाणचट झाली होती किंवा करप्याचा तपकिरी डाग दिसत होता ती बाजूस काढली. असे एक फळ अढीत राहिले तर शेजारच्यांस घेऊन जाते. उरलेल्यांत पिकतील कोणती हे पाहण्यास आप्पांची एक जुनी रीत आहे. एकसारख्या आकाराच्या फळांपैकी एक धारदार सुरीने आडवे कापावे. बी चिकट गरात सरकून सुरीखालून निसटले तर फळ पक्व, ते घरात ठेवून लाल होईल. बी कापले गेले तर ते कोवळे. त्याची चटणी करावी. पक्व फळे आमच्या ओसरीवर गवतात रचली आणि मध्ये दोन-चार पिकलेली केळी ठेवली. पिकत्या केळ्यातून जो इथिलीन वायू निघतो तो टोमॅटोस पिकण्याचा हुकूम देतो. मात्र जागा ऊबदार पाहिजे, वीस अंशांच्या आसपासची. बारा-पंधरा दिवसांत बहुतेक फळे रंगली. झाडावर पिकलेल्याची चव त्यांस नव्हती, पण आठवडी बाजारात ती खपली.

मेहुण्यांनी फोनवर सल्ला दिला होता की फळे शीतकपाटात ठेवावी, म्हणजे टिकतील. घरातून त्याप्रमाणे पाच-सहा फळे ठेवलीही. ती टिकली खरी, पण हिरवीच. पुढे बाहेर काढली तेव्हा लाल न होता डागाळून मऊ पडली. टोमॅटोस तांबडा रंग देणारे द्रव्य सुमारे दहा अंशांच्या खाली तयारच होत नाही. पिकलेला टोमॅटोही आठवडाभर अशा थंडीत राहिला तर त्याचा वास जातो आणि बाहेर काढल्यावर तो पुरता परत येत नाही, असे फ्लोरिडातील शास्त्रज्ञांनी २०१६ साली दाखवून दिले आहे. हे आम्ही मेहुण्यांस कळविले. त्यांचे उत्तर आले, "आमच्याकडे ठेवायची वेळच येत नाही, संपतात."

संक्रांतीस ते स्वतः आले, आणि येताना टोपलीभर लालबुंद टोमॅटो घेऊन आले. आदल्या दिवशीच्या भोगीस आमच्याकडे वाटाणा, हरभरा, गाजर, वांगे, वालपापडी सर्व घालून भाजी झाली होती. तीत आमचे टोमॅटो हिरवेच चिरून घातले होते. मेहुण्यांनी आपली टोपली ओसरीवर आमच्या गवतातल्या फळांशेजारी मांडली व काही न बोलता आम्हांकडे पाहत राहिले. तेवढ्यात कुंपणातून आप्पांची हाक आली. वरच्या सऱ्यांचा पहिला तोडा निघाला होता, २२ कॅरेट. मेहुण्यांना घेऊन आम्ही पलीकडे गेलो तो आप्पांनी एक कॅरेट बाजूस काढून ठेवलेले.

"हे तुमच्या पाहुण्यांना द्या," ते म्हणाले, "परत जाताना. त्यांच्या टोपलीत जागा झाली असेल."

मेहुण्यांनी एक फळ उचलून दाबून पाहिले, वास घेतला, आणि म्हणाले, "रंग जरा कमी आहे."

"थंडीत जागं राहिलेलं आहे ते," आप्पा म्हणाले.